दुपारचं मौन आणि दोनची लॉरी

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, निरोप मीच धाडला होता. शाळा पुरे झाली, मला भरतीला न्या. म्हसवडच्या बाजाराला निघालेल्या एका माणसाजवळ तोंडी सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी आबा साताऱ्यात हजर. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. फाटकातूनच म्हणाले, "आवर बिगीनं. दोनला लॉरी सुटती. सुभेदाराला शब्द दिलाय मी."

लढाईचे दिवस होते. आमच्या गावचे पेन्शनीत निघालेले सुभेदार पोरं गोळा करून भरतीला नेत.

निरोप का धाडला, ते सांगायला आजही जड जातं. इंग्रजीच्या चाचणीत मी वर्गात शेवटचा आलो. मास्तरांनी माझा निबंध मोठ्यानं वाचून दाखवला आणि वर्ग हसला. मागून एक जण म्हणाला, "ए गड्या, मेंढरं वाट बघत्यात रं तुजी!" मेंढरांची लाज आमच्या घरात कुणाला नव्हती, मलाही नव्हती. पण ते हसणं कानातून जाईना.

मी पाद्र्यांच्या वसतिगृहात राहत होतो. मुलं बहुतेक आमच्यासारखीच, खंडोबा-बिरोबाची. धर्म बदला असं तिथं कुणी कधी म्हटलं नाही. पण वसतिगृह चालवणाऱ्या फादरांच्या धर्मसंघाची एक रीत आम्हालाही होती. बाराला घंटा झाली की पाव तास डोळे मिटून बसायचं आणि सकाळपासूनचा दिवस मागे फिरून बघायचा. मन कशानं निवलं, कशानं आंबलं. उत्तर कुणाला सांगायचं नसे.

आबांना ओसरीवर बसवून मी फादरांकडे गेलो. ते परदेशी, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "शिकायचं ठरवलंस तेव्हा मन कसं होतं?"

"चांगलं होतं."

"आणि आता?"

मी वर्गातलं ते हसणं सांगितलं.

"मन काळवंडलेलं असताना जुना निर्णय मोडू नये. आमच्या संघाचा हा जुना नियम आहे."

"म्हणजे मी राहू?"

"ते मी सांगणार नाही. तू गेलास तरी माझा आशीर्वाद, राहिलास तरी. तुझ्या हातून अधिक चांगलं कुठं घडेल, ते तू पाहा."

मला संताप आला. धरून ठेवा नाहीतर हाकलून द्या! हे अधांतरी सोडणं कसलं? तरातरा जाऊन मी नळाखाली डोकं धरलं. तेवढ्यात बाराची घंटा झाली, आणि तसाच निथळत मी मुलांच्या रांगेत जाऊन बसलो.

आबा दारात आले. वीसेक मुलं डोळे मिटून बसलेली, पुढं पांढऱ्या झग्यातला फादर आणि मधोमध मी, डोक्यावरून पाणी गळतंय. पाद्री डोक्यावर पाणी घालून बाटवतात असं त्यांनी ऐकलेलं. त्यांना वाटलं, झालं, पोरगं बाटलं.

"पानी घातलं! आवं पाद्रीबाबा, काय केलं माज्या पोराला?" काठी वर गेली. मुलं उठून भिंतीला चिकटली. फादर जागचे हलले नाहीत.

"आबा, नळाचं पाणी हाय! मीच घेतलं!"

"घेतोस बिरोबाची शपत?"

"बिरोबाची शपत!"

काठी खाली आली. फादरांनी त्यांना सतरंजीवर बसवलं आणि आम्ही रोज काय करतो ते सांगितलं. संघाचा मूळ पुरुष शिपाई होता, तोफगोळ्यानं पाय मोडून अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याला ही मन तपासायची वाट सापडली, हेही सांगितलं.

"म्हंजी फौजेतलाच की गडी!" आबा म्हणाले. मग काठी बाजूला ठेवून, "यात नवं काय न्हाई. सांजंला मेंढवाड्यात आमी हेच करतो. एकेकाच्या अंगावनं हात फिरवायचा. कोण लंगडतंय, कोण चरलं न्हाई. पर लंगडं दिसलं म्हणून त्याच सांजंला कुनी इकत न्हाई. दोन दिस बघायचं."

हे बोलता बोलता त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याकडं.

डोळे न मिटताच मला कळलं. मला फौज नको होती. मला फक्त त्या वर्गातून पळायचं होतं.

"आबा, इंग्रजीच्या तासाला सगळे हसले, म्हणून मी भिऊन निरोप धाडला."

"आन मी शब्द दिला त्येचं काय?" ते करवादले. "चल. तुज्या तोंडानं सांग सुभेदाराला."

भरतीच्या कचेरीपुढं लॉरी घरघरत उभी होती. वर पोरं दाटीनं उभी, त्यातली चौघं आमच्याच शिवारातली. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "चढ रं."

आबा मागं उभे होते.

"मी येत न्हाई," मी म्हणालो. "वर्गात हसले म्हणून पळून येनार हुतो. तसला शिपाई तुमाला कशाला?"

सगळी लॉरी हसली. वर्गापेक्षा मोठ्यानं. सुभेदार म्हणाले, "भागूबाई! जा, लुगडं नेस." लॉरी हलली तरी पोरं मागं वळून हसत होती. मी मान खाली घातली नाही. लॉरी वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

पुढं सांगलीला कॉलेजात गेलो आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. हे मी चारचौघांत छाती काढून सांगतो.

त्या दिवशी आबांनी धुरळा बसू दिला. मग घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "चल. विंग्रजीचा तास भरला आसंल."