सलीमचा पत्रा

माणूस आणि यंत्र यांच्यात सलीमने स्नेहाचा पूल बांधला, असं पुण्याच्या शोकसभेत त्याच्या कंपनीचे साहेब म्हणाले. त्या पुलावर त्याचे पुढचे दोन दात पडले होते, असं मी शेजारच्याला हळूच सांगितलं. त्याला वाटलं, सलीम ज्यात गेला त्या अपघाताबद्दल मी बोलतोय.

सलीम आर्णीचा, कॉलेजपासूनचा माझा मित्र. वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. इंटरॅक्शन डिझायनर म्हणून नोकरी लागली तेव्हा त्याने घरी समजावून सांगितलं, "माणूस मशीनशी कसा वागते, ते पाह्याचं काम हाय अब्बा." ते म्हणाले, "मंग मी काय करून राह्यलो? पह्यले लाथ मारते, मंग माह्याकडे आणते."

त्याचं पहिलं मोठं काम गावाजवळच्याच कापूस खरेदी केंद्रावर होतं. आतल्या खोलीत ग्रेडर गजाननभाऊ कापूस तपासून बटण दाबणार आणि निकाल बाहेरच्या पडद्यावर शेतकऱ्याला दिसणार. ते बोंडअळीचं वर्ष. उरलासुरला कापूस अवकाळी पावसाने पिवळा पडलेला. मशीन सुरू झालं त्या दिवशी मी सलीमसोबत होतो. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'आपला कापूस नाकारला आहे. धन्यवाद.' खाली जोडलेले हात.

"दोन दिसापासून रांगेत हावो, अन् हा डबा मले हात जोडून राह्यला?" म्हणत एकाने बैलगाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उभारी, उपसली. सलीम मध्ये गेला आणि तोंडावर घेऊन खाली बसला. काच फुटली, पेटी आडवी झाली, आणि मग लोक खोलीत शिरले. गजाननभाऊंना कॉलर धरून ओढत आणलं आणि कापसाच्या गंजीवर पाडून तुडवलं. त्यांच्या नाकातलं रक्त पांढऱ्या कापसावर... तेवढा एक ढीग चांगल्या प्रतीचा होता.

यवतमाळच्या दवाखान्यात कंपनीचा फोन आला. मशीन भंगारात आणि बहुधा सलीमही. मी म्हटलं, ते जोडलेले हात काढ. सुजल्या तोंडाने तो म्हणाला, "ते काढतोच. पण तू पाह्यलं का? डबा उभा होता तोवर गजाननभाऊले कोनं हात नाई लावला."

साहेबांकडून अजून एक हंगाम मागून घेऊन त्याने पडदा उंचावर, जाळीमागे नेला. खाली, पाय पोचेल तिथे, अब्बांच्या दुकानातून जाड लोखंडी पत्रा आणून ठोकला. साहेब म्हणाले, "आपण लोकांना लाथा मारायला शिकवायचं का?" "शिकवायची गरज नाही, सर." पुढच्या हंगामात पहिला नकार आला. त्या शेतकऱ्याने पत्र्यावर तीन लाथा घातल्या, आवाज पार रस्त्यापर्यंत गेला, आणि त्याने बैल वळवले. गजाननभाऊ खिडकीतून म्हणाले, "सलीमभाऊ, अजून जाड लाव बा."

सलीम हसला नाही. "ज्यानं भाव ठरवला त्याच्यापर्यंत ही लाथ जात नाई," म्हणाला. त्या पत्र्याने त्याला बढती दिली, 'लोकाभिमुख रचने'चं बक्षीस दिलं, पुढची सगळी कामं दिली. बक्षीस घ्यायला तो गेला नाही...

तो गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आर्णीला गेलो तेव्हा केंद्रावर थांबलो. गजाननभाऊ निवृत्त झालेत. त्यांचं नाक तेवढं एकदाच मोडलं. मशीन उभं आहे. पत्रा दोनदा बदललाय, आताचाही मध्ये खोल गेलाय. पडद्याची वीज तोडून मात्र बरीच वर्षं झाली.