उतारावरची सहावी पेटी

ऐकणं महाग असतं, हे वाक्य मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सात वर्षं फळ्यावर लिहीत आले. पोरं हसायची. त्यांना वाटे, रेडिओला बोलायलाच जास्त बॅटरी लागत असणार. मी म्हणायचे, बाबांनो, बोलणारा एकदा बोलून गप्प होतो. ऐकणाऱ्याला दिवसभर कान लावून बसावं लागतं, कारण कोण कधी हाक मारेल ते त्याला माहीत नसतं. दोन पेन्सिल सेलवर चालणारी बिनतारी पेटी अशी बसली तर आठवड्यात मरेल. म्हणून तिला झोपवायचं. ठरावीक वेळानं क्षणभर उठवायचं, कुणी हाक मारतंय का ते बघायला लावायचं, नसेल तर पुन्हा झोप. हाक कानावर आली, तर मात्र सगळा निरोप ऐकून होईपर्यंत जागं राहायचं.

याला एकच अट. हाक मारणाऱ्याची हाक झोपेपेक्षा लांब हवी. वावरात धुऱ्यापलीकडच्या माणसाला बोलावताना आपण 'ओ' लांबवतो, तसं. पेटी दोन सेकंद झोपत असेल, तर हाक दोन सेकंदांहून थोडी जास्त. हे मी इतक्यांदा शिकवलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडात सकाळचा पेपर उघडायला हात धजत नसे. शेतीसाठी काहीतरी करा, असं जो तो म्हणत होता. त्या 'काहीतरी'मधून आमच्या कॉलेजलाही एक प्रकल्प मिळाला: संत्र्याच्या बगीचात मातीची ओल मोजणाऱ्या बिनतारी पेट्या. अकोटकडच्या एका साठी ओलांडलेल्या शेतकऱ्यानं त्यासाठी आपला बगीचा दिला. सारं गाव त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायको, म्हणजे चाची, लग्न होऊन आल्यापासून त्याच बगीचात राबत होत्या. आम्ही सहा पेट्या लावल्या आणि विहिरीवरच्या खोलीत एक मोठी पेटी ठेवली. ती रोज सकाळी सहाही जणींना हाक मारायची, आकडे गोळा करायची आणि मोबाइलच्या सिमवरून माझ्या कॉम्प्युटरवर पाठवायची.

संत्र्याला आंबिया बहार यायला हवा असेल, तर डिसेंबरात पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस झालं पाहिजे. मग पाणी सोडलं की ते फुलतं. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच जातं. चाचा हे पानं बघून ओळखत. पहिल्या हिवाळ्यात ते पानं बघत होते आणि मी आकडे, आणि दोघांनी मिळून ठरवलं होतं की ओलीचा आकडा अठराच्या खाली आला की पाणी द्यायचं. उतारावरच्या मुरमाड जमिनीत ओल सगळ्यांत आधी संपे. तिथली झाडं चाचांनी सगळ्यांत शेवटी लावलेली होती आणि पुढच्या वर्षी त्यांचा पहिलाच बहार धरायचा होता. सहावी पेटी तिथे होती.

त्या वर्षी चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. हे ऑपरेशन हिवाळ्यातच करायचं, असा आमच्याकडे पक्का समज. ते अकोल्याला मुलीकडे राहायला गेले आणि धुळीत जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. जाताना मला म्हणाले, मॅडम, आता पेटीच माझे डोळे. मला केवढा अभिमान वाटला होता! आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

रोज सकाळी अकोल्याहून त्यांचा फोन यायचा. आज किती? मी आकडा सांगायचे. चोवीस. तेवीस. मग बावीस. मग बावीसच.

उतारावरच्या पेटीचे सेल सारखे संपायचे, म्हणून नोव्हेंबरात मी तिथे जाऊन तिची झोप दोन सेकंदांवरून आठ सेकंद केली. विहिरीवरच्या मोठ्या पेटीची हाकही तेवढीच लांबवायची होती. पण अकोटची बस गाठायची होती, चाचींनी भाकरी वाढून ठेवली होती, आणि मी म्हटलं, पुढच्या खेपेला करू. मग विसरले. विहिरीवरून दोन सेकंदांची हाक जात राहिली आणि सहावी पेटी आठ सेकंदांची झोप काढत राहिली. कधी नशिबानं गाठ पडली तर पडली.

त्याहून वाईट ते पुढेच. प्रकल्प बघायला मुंबईहून समिती येणार होती आणि पडद्यावर रिकामा चौकोन बरा दिसत नाही. म्हणून मीच सोय करून ठेवली होती की पेटीनं उत्तर दिलं नाही तर आधीचाच आकडा दिसत राहावा. बाकीच्या पाच पेट्यांचे आकडे हलत होते, म्हणून मी निर्धास्त होते. मुरमाच्या जमिनीत आकडा एकाच जागी बसतो कसा, असा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका सकाळी समितीसाठी आलेख काढायला बसले आणि पहिल्यांदाच मूळ नोंदी उघडल्या. सहाव्या पेटीचा शेवटचा निरोप तेरा दिवसांपूर्वीचा होता. मी तारीख पुन्हा वाचली. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अर्ध्या तासापूर्वीच मी चाचांना बावीस सांगितलं होतं. चाचींना फोन लावला, तो वाजून बंद झाला. अमरावतीत राजापेठेतून रिक्षा केली, स्टँडवर आले आणि अकोटची मिळेल ती बस पकडली.

उतारावर पोचले तेव्हा दुपार झाली होती. पानं नळीसारखी वळलेली होती, कडा करपलेल्या, आणि झाडांखाली पाचोळा. चाची एका झाडाला हात लावून उभ्या होत्या. मी काही सांगण्याआधीच त्यांनी माझं तोंड पाहून ओळखलं. पंप लावा म्हटलं, तर लाइन नव्हती. लोडशेडिंग, चार वाजता येणार. आम्ही दोघी विहिरीवर बसून राहिलो.

तिथे मला तो फोन आठवला. नऊ दिवसांपूर्वी, भरल्या वर्गात, चाचींचा फोन आला होता. त्या म्हणाल्या होत्या, मॅडम, उताराची पानं वळून राह्यली. आणि मी हसून म्हटलं होतं, ताणावर आहे बगीचा, वळणारच, मशीन बावीस दाखवतंय, काळजी करू नका. आणि ठेवला होता.

"तुमी पुरं ऐकलंच नाही," चाची म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. "दुपारी त वळतेच. मी सांगून राह्यली होती का सकाळच्याले बी उघडून नाही राह्यली."

सकाळी उलगडली नाहीत, म्हणजे ताण पुरा झाला, त्याच दिवशी पाणी. आदल्या वर्षी चाचांनी हे मला झाडाखाली उभं करून दाखवलं होतं आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

मग पाणी काहून नाही सोडलं, हे मी विचारलं नाही. पण त्यांनी आपणहून सांगितलं. उताराच्या पाण्याचा कॉक उघडला होता. माझ्याशी बोलल्यावर परत बंद केला. शिकलेली बाई सांगते तर खरंच असंल, असं त्यांना वाटलं.

चारला लाइन आली. पाणी उतारावर पोचलेलं पाहिलं आणि मी अकोल्याची बस धरली. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दिवेलागणीला चाचांच्या मुलीच्या घरी पोचले. ते काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. मी सगळं सांगितलं. झोप, हाक, तेरा दिवस, काही लपवलं नाही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, पानं सकाळी उघडत होती का?

नाही, म्हटलं. नऊ दिवसांपासून नाही.

"मंग तिनं सांगतलं नाही तुमाले?"

सांगितलं होतं, मी म्हणाले.

मुलीनं चहा आणून ठेवला.

"मशीन झोपली होती, मॅडम, ते समजलो मी," ते म्हणाले. "पण तुमी त जाग्या होत्या."

उतारावरची निम्मी झाडं पुढे सावरली. उरलेली मार्चात तोडावी लागली. ती तोडताना मी तिथे होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी गेले होते.

पण चाचांना भेटून परतताना, त्या रात्री अमरावतीच्या बसमध्ये, मी मोबाइल काढून जुने कॉल शोधले. चाचींचा कॉल सापडला. त्याच्यापुढे वेळ लिहिलेली होती: सतरा सेकंद. त्यातले निम्मे तरी मीच बोलले असेन. त्या तासाला मी नेमकं हेच शिकवत होते, की हाक कानावर आली तर निरोप पूर्ण होईपर्यंत झोपायचं नाही. फोन ठेवला, खडू उचलला आणि ते वाक्य मी फळ्यावर पूर्ण केलं होतं.