लिफ्टवाल्याची शिवण

माझे सासरे तेहतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते आणि राहत होते तळमजल्यावर. यावरून कुणी चिडवलं तर म्हणायचे, लिफ्टच्या पोटात काय असतं ते ज्याने पाहिलंय तो जिनाच चढतो. निवृत्त झाल्यावर चौथ्याच दिवशी त्यांनी माझ्या शिलाई मशीनला आतबाहेर तेल दिलं आणि तेव्हापासून ते मशीन माझं राहिलं नाही. माहेरून आणलेलं हलकं घरगुती मशीन ते. उशांचे अभ्रे, फ्रॉक, फार तर पडदे, एवढीच त्याची झेप. सासऱ्यांनी त्यावर पहिली शिवली ती बाजाराची पिशवी.

त्या पिशवीचं बूड भर चौकात सुटलं आणि दोन किलो कांदे उताराला लागले. पिशवी सासूबाईंच्या हातात होती. त्यांनी एकेक कांदा वेचला, घरी आल्या आणि जाहीर केलं की ह्यांनी शिवलेल्या वस्तूवर यापुढे भार म्हणून टाकायचा नाही. नंतर स्टुलाची गादी झाली, भिंतीवरचा झोला झाला. त्यांचं मत बदलावं असं काही घडलं नाही.

यंदा सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. ओळखीच्यांकडून एक जुनी चाकाची खुर्ची मिळाली, पण तिची सीट मधोमध फाटलेली. दुकानदार म्हणाला, नवी यायला पंधरा दिवस लागतील. आमच्याकडे होते तीन. रविवारी संध्याकाळी सासूबाईंना चार गल्ल्या पलीकडे मैत्रिणीकडे जायचं होतं. दोघींनी टेलिफोन ऑफिसात शेजारीशेजारी बसून सगळी नोकरी काढलेली. मैत्रीण सोमवारी सकाळी परगावी मुलाकडे कायमची निघणार होती. तिचे गुडघे गेलेले, इकडे सासूबाईंचं हे असं. रविवारची भेट हुकली तर पुन्हा भेट नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

सासरे म्हणाले, सीट मी शिवतो. सासूबाईंनी नुसतं छताकडे पाहिलं.

जाड कॅनव्हास आणला. कडेला खुर्चीची नळी सरकवायला घडी, घडीवर मजबुतीची पट्टी, पट्टीचं टोक पुन्हा आत दुमडलेलं. कोपऱ्यात थर झाले सहा. सपाट भागावर मशीन सुतासारखं सरळ चाललं. कोपरा आला की नुसतं घरघरायचं, एकाच जागी टाके घालत बसायचं आणि खाली दोऱ्याचा गुंता. पहिली सुई मोडली. दुसरीचा तुकडा सासऱ्यांच्या चष्म्यावर आपटला. मी जाड सुई आणून दिली, शिवणीवर साबण घासायला सांगितला. दोन्हींचा काडीचा उपयोग झाला नाही. मग त्यांनी बत्ता घेऊन कोपरे ठेचायला सुरुवात केली, तेव्हा वरच्या मजल्यावरची बाई येऊन विचारून गेली की एवढा मसाला कशाला कुटताय. माझा पारा चढला. मी सांगून टाकलं की मशीन मला आईने दिलंय, त्याची वाट लावू नका.

सासऱ्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते जमिनीवर गुडघे टेकून बसले, डोळा मशीनच्या पातळीला आणला आणि बराच वेळ बघत राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "ह्याची लिफ्ट मजल्याला लागत नाहीये."

कापड दाबून धरणारा तो छोटा लोखंडी पाय कोपऱ्याच्या उंचवट्यावर चढताना पुढून वर जात होता आणि मागून खाली राहत होता. तिरक्या पायाखाली कापड पुढे सरकतच नव्हतं. अशा अधांतरी थांबलेल्या लिफ्ट सासऱ्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. पायाच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीचं काहीतरी घातलं की तो सपाट बसणार. हाताला लागला तो माझ्या नवऱ्याचा लोकरी मोजा. घडी करून त्यांनी तो मागे सरकवला आणि मशीनचं चाक हाताने फिरवत एकेक टाका घातला. सुई सहाही थरांतून आरपार गेली. चारही कोपरे झाले. फक्त शेवटच्या कोपऱ्यात उलटे टाके घालताना मोजाही आत शिवला गेला, आणि तो कापायला गेलं तर शिवणच जाईल म्हणून तसाच राहिला. दुसऱ्या मोज्याचं काय करू, असं नवऱ्याने विचारलं.

मग परीक्षा. आधी मी बसले, मग नवरा बसला, मग आम्ही दोघं एकदम बसलो. शिवण जागची हलली नाही.

"कांदेसुद्धा चौकापर्यंत नीट गेले होते," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी पाचला त्या चांगली साडी नेसून पलंगाच्या कडेला बसल्या आणि खुर्चीकडे बघत राहिल्या. साडेपाच झाले. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही. शेवटी सासरे खुर्चीमागे वाकले, ब्रेक बघतो म्हणाले, आणि वाकलेलेच राहिले. सासूबाई बसल्या.

रस्त्यावर खुर्चीची एक मूठ माझ्या हातात, दुसरी सासऱ्यांच्या. पण ते काही सरळ होईनात. पाहते तर त्यांचा उरलेला हात मागून सीटच्या खाली, तळवा वर करून कॅनव्हासला टेकलेला. वाण्याने विचारलं, काका, काही पडलं का? कंबर धरलीय, ते म्हणाले. चारही गल्ल्या ते तसेच चालले.

दोघी मैत्रिणी दीड तास हातात हात घालून बसल्या. जुन्या साहेबाची नक्कल करून पोटभर हसल्या, निघताना पोटभर रडल्या. मीही रडले.

येतानाही सासऱ्यांची तीच तऱ्हा. दाराशी पोचलो तेव्हा मी सीट तपासली. मला अगदी भरून आलं होतं. मी म्हटलं, "आई, बघा तरी, एक टाका उसवला नाही."

"टाक्यांवर कोण बसलं होतं?" त्या म्हणाल्या. "खाली ह्यांचा हात होता, म्हणून बसले. आता त्यांना सरळ करा कुणीतरी."