तीन नंबरच्या मुठीवरची टोपी

मोतीराम गाडेकरच्या पोटात दुखायला कधी लागलं, ते नेमकं सांगता येतं. नानासाहेबाला चाकांची खुर्ची मिळाली, त्या दिवशी.

मोतीराम वैजापूर रस्त्यावरच्या वीज उपकेंद्रात सत्तावीस वर्षं ऑपरेटर होता. तासातासाला पॅनलवरचे काटे वाचायचे, वहीत लिहायचे, कुठली लाइन बंद ठेवायची नि कुठली चालू, ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्याच्या हातात असायचा, आणि मोतीरामला या गोष्टीची मनातून घमेंड होती. ती त्यानं कधी बोलून दाखवली नाही, पण चालण्यात दिसायची.

त्या उपकेंद्राची एक रीत होती. लाइनवर काम निघालं की लाइनमन आधी पॅनलपाशी येणार. मोतीराम लाइन बंद करणार. मग लाइनमन आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्या पॅनलच्या मुठीवर अडकवणार. टोपी तिथं आहे तोवर मुठीला कुणी हात लावायचा नाही. काम संपलं की ज्याची त्यानं येऊन टोपी काढायची, मगच लाइन चालू. परवान्याचा कागद असायचा, त्यावर सह्याही व्हायच्या, पण भरवसा टोपीवर. फकिरा लाइनमन तर म्हणायचा, "कागद साहेबासाठी, टोपी माझ्या बायकोसाठी."

नानासाहेब आणि मोतीराम एकाच दिवशी नोकरीला लागलेले. रिले म्हणजे काय, हे नानासाहेबाला मोतीरामनं शिकवलं. लाइनीत काही बिघडलं की ते ओळखून ती बंद करणारा पहारेकरी, असं सांगितलं होतं. पुढं पंचेचाळिसाव्या वर्षी नानासाहेब शहरात संध्याकाळी कॉम्प्युटर शिकायला जायला लागला. मोतीराम तेव्हा पोट धरून हसला होता. "नाना, दप्तर घेतलंस का?" असं त्यानं चारचौघांत विचारलं होतं. नानासाहेबही हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला गेला. दोन हजार अकरा साली त्याची शहरातल्या कार्यालयात बदली झाली.

मग सोळा साल उजाडलं. दुष्काळ मुक्काम टाकून बसलेला. जायकवाडीचा तळ दिसत होता, आणि इकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडत होते. 'चोवीस तास पाणी' अशी पाटी लावलेल्या रो-हाउसच्या समोर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली असायची. शहर वाढलं, विजेचा भार वाढला, आणि सगळी उपकेंद्रं शहरातल्या एका खोलीतून चालवायचं ठरलं. त्या खोलीत थंड हवा, भिंतभर पडदा, चाकांची खुर्ची आणि खुर्चीत नानासाहेब.

घरी बायकोनं, पारूबाईनं, आगीत तेल ओतलं. "नानासाहेबांच्या द्वारकाबाईंनी गुलमंडीच्या बाजारातून साडी आणली. म्हन्ल्या, ह्यांचं हापिस लई गार हाय, शाल पांघरून बसावं लागतं." मोतीराम ताटावरून उठला. आपण शिकवलेला माणूस शाल पांघरून बसतो आणि आपण इथं घाम पुसतो, हे त्याच्या घशाखाली उतरेना. रागवायला त्याला कारण लागत नव्हतं. नानासाहेबाचं नाव पुरे होतं.

उपकेंद्रात नवी यंत्रं बसवायला स्वराली नावाची इंजिनिअर आली. महिनाभर राहिली. पोरगी हुशार आणि बोलायला गोड. तिनं मोतीरामला समजावून सांगितलं, "काका, आधी प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापल्या भाषेत बोलायचं. एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. आता बोलायची एकच रीत ठरलीये, जगभर. तिला स्टँडर्ड म्हणतात. रिले कुठल्याही कंपनीचा असू दे, लाइन चालू की बंद, ते तो त्याच रीतीनं सांगणार."

"आन कुठली लाइन कोनची, हे त्याला कसं कळतं?"

"ते आपण फाइलीत लिहून द्यायचं. पॅनल एक म्हणजे अमुक, दोन म्हणजे तमुक. तिथं नाव चुकलं की संपलं. यंत्र खोटं बोलणार नाही, पण चुकीच्या नावानं खरं बोलत राहील."

मोतीरामला हे आवडलं. खरं तर लईच आवडलं. त्याचीही रीत तीच होती, कुठलाही लाइनमन येवो, टोपी मुठीवर. तो तसं बोलणारही होता. तेवढ्यात स्वरालीनं नकाशा पसरला. खाली सही होती नानासाहेबाची.

"नानासाहेबांनी तपासून दिलाय. तुम्ही एकदा नजर टाकता का, काका?"

मोतीरामनं नजर टाकली आणि त्याला चूक दिसली. नकाशात पाच नंबरचं पॅनल पाणीपुरवठ्याचं होतं आणि तीन नंबर वसाहतीचं. पॅनलवरच्या पाट्याही तसंच सांगत होत्या. पण तेरा सालच्या दुष्काळात टँकर भरायच्या पंपांचा भार पाच नंबरला झेपेना, म्हणून एका दुपारी दोन्हींच्या केबली अदलाबदल केल्या होत्या. मंजुरी आली की पाट्या बदलू असं ठरलं. मंजुरी आली नाही, पाट्या तशाच राहिल्या. हे ठाऊक असलेले तिघं बदलून गेले, एकटा मोतीराम उरला; लाइनमन तर पाटी न वाचता तो दाखवील त्या मुठीवर टोपी अडकवायचे. नानासाहेब तर त्याच्या दोन वर्षं आधीच गेलेला.

एक वाक्य बोलायचं होतं. मोतीरामनं नकाशा घडी करून परत दिला.

"नानासाहेबांनी तपासलंय ना? मंग बराबरच असंल."

त्याचा बेत साधा होता. उद्घाटनाला साहेब लोक येतील, नानासाहेब खुर्चीतून पाणीपुरवठा बंद करील आणि अंधार होईल वसाहतीत. मग आपण पुढं होऊन हळूच सांगायचं. तो प्रसंग त्यानं मनात इतक्यांदा रंगवला की साहेबांचे चेहरेसुद्धा ठरवून टाकले.

पण चाचणीत पाच नंबर बंद कर म्हटलं की पाच नंबर बंद व्हायचा. त्याची तार बाहेर कुठं जाते, हे बघायला कोण जातंय? उद्घाटनाला त्यांनी एक नंबरची लाइन बंद-चालू करून दाखवली. टाळ्या झाल्या. नानासाहेबाच्या गळ्यात हार पडला आणि मोतीराम पेढ्याचा तुकडा तोंडात घोळवत मागं उभा राहिला. आता सांगावं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हा प्रश्न येणार. तो गप्प बसला.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी फकिरा मोटारसायकलवरून आला. टँकर भरतात तिथल्या लाइनचा जोड खांबावर जळत होता, पंप कसेबसे चालत होते. परवानगी आता शहरातूनच मिळायची. त्यानं फोन केला आणि नानासाहेबानं तिकडून लाइन बंद केली. "पाणीपुरवठा बंद आहे, काम सुरू करा," असं फकिराला कळवलंही. तरी फकिरानं टोपी काढून मोतीरामच्या हातात दिली.

"त्या पडद्याचा आपल्याला भरवसा नाय, भाऊ. ही तुमी लावा. टँकरवाले बोंब मारून राह्यले, मी निघतो."

मोतीराम टोपी घेऊन पॅनलपाशी गेला. हात सवयीनं तीन नंबरकडं गेला आणि थबकला. तीन नंबरवर लाल दिवा होता. लाल म्हणजे चालू. हिरवा लागला होता पाच नंबरवर.

आणि इथं लपवून उपयोग नाही. मोतीरामला आधी आनंद झाला. सापडला नाना, एवढंच मनात आलं. चांगला दोन श्वासांचा आनंद. मग हातातल्या टोपीचा घामट ओलावा त्याला जाणवला.

त्यानं पॅनलची चावी फिरवून शहराकडचा ताबा काढून घेतला आणि तीन नंबर हातानं पाडला, लाइन बंद केली. फकिराला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कारण फोन मोटारसायकलच्या पिशवीत होता. मोतीराम धावत सुटला. खांब फर्लांगभर लांब. चोपन्नाव्या वर्षी तो टोपी मुठीत धरून उन्हातून धावला, आणि वर बघायची हिंमत खांब जवळ येईस्तोवर झाली नाही.

फकिरा वर होता. धडधाकट. तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवायचा अर्थिंगचा दांडा तारेकडं नेता नेता पंपांचा आवाज बंद पडला, म्हणून तसाच थांबलेला.

"भाऊ, पंप तर आत्ता थांबले. मंग नाना मघाशी काय बंद केलं म्हनले?"

उत्तर द्यायच्या आत मोतीरामचा फोन वाजला. नानासाहेब होता. "मोतीराम, तीन नंबर कुणी पाडला?"

"मी. पाट्या उलट्या हायेत, नाना. पानी तीनवर हाय. तेरा सालापासून."

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"त्या पोरीनं नकाशा दाखवला, तेव्हाही?"

मोतीरामला खोटं सुचलं होतं. जिभेवर आलंही होतं. पण वरून फकिरा बघत होता.

"तवाबी. तुझी फजिती व्हावी वाटलं, नाना. तुझ्यावर जळत होतो मी."

 नानासाहेबानं विचारलं, "फकिरा ठीक आहे ना?"

पुढं चौकशी झाली. उपकेंद्रात जाऊन न बघता नकाशावर सही केली, ही चूक आपलीच, असं नानासाहेबानं लिहून दिलं. मोतीरामनं आपलं लिहून दिलं. दोघांना ताकीद मिळाली. स्वराली आली, फाइलीतली दोन नावं पाव तासात बदलून गेली. जाताना 'येते काका' म्हणाली नाही. पाट्या बदलल्या. द्वारकाबाईच्या शालीचं मोतीरामला पुन्हा कधी काही वाटलं नाही.

फकिरानं त्या दिवशी खांबावरून उतरून हात पुढं केला आणि टोपी मागून घेतली. पुढच्या कामाला तो आला, तेव्हा मोतीरामनं मूठ फडक्यानं पुसून ठेवली होती. फकिरानं शहराला फोन केला, कागदावर सही केली, दिव्याचा रंग स्वतः दोनदा बघितला आणि निघाला.

टोपी त्याच्या डोक्यावरच होती.