आईचं कन्फर्म

छोट्या शहरांना जाणारी विमानं उडवायला निघालेल्या आमच्या बॅचमधले निम्मे सिम्युलेटरच्या परीक्षेतच आपटले. त्यात मीही. बिघडलेलं इंजिन बंद करायचं तर आधी शेजारच्या पायलटला विचारायचं आणि तो ‘कन्फर्म’ म्हणाला की मगच लिव्हर ओढायचा. मी घाईघाईत न विचारता ओढला, आणि तोही चांगल्या इंजिनाचा!

फेरपरीक्षेआधी कोथरूडला घरी आले. कपाटावर कॉकपिटचं पोस्टर चिकटवलं, समोर दोन खुर्च्या मांडल्या आणि शेजारी आईला बसवलं.

“डावं इंजिन बंद करू?”

“थांब, बघू दे.” ती सावकाश चष्मा लावायची. आयुष्यात तिनं कुणालाच पटकन हो म्हटलेलं नाही.

“आई, विमान पडेल!”

“पडू दे. कपाटच आहे.”

फेरपरीक्षेत इंजिन बिघडलं. मी विचारलं आणि शेजारचा पायलट चष्मा शोधतोय असं समजून निवांत थांबले. पास!

घरी येऊन दारातूनच ओरडले, “आई, पास झाले!”

“थांब, बघू दे.” तिनं चष्मा लावला, माझा चेहरा नीट न्याहाळला.

“कन्फर्म,” म्हणाली, आणि माझ्याआधी तीच नाचायला लागली.