उंटाचं प्यादं दोन घरं

जमत आलेली सोयरीक मोडायची तर माणसाला निदान दोन-चार वाईट शब्द बोलावे लागतात. मी तोंडही न उघडता, एक प्यादं सरकवून ते काम जवळजवळ पार पाडलं होतं.

पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं लोटली होती. निजामाच्या कचेरीत उर्दूतून टिपणं लिहिणारे आमचे अण्णा आता मराठीतून लिहीत होते आणि दोन्ही भाषांतून माझ्यावर चिडत होते. कारण बुद्धिबळ! कॉलेजच्या लायब्ररीत मला एक इंग्रजी पुस्तक सापडलं आणि त्यातला सिसिलियन बचाव मला चावला. (चावलाच म्हणायचं, त्यावर उतारा सापडला नाही.) समोरच्यानं राजापुढचं पांढरं प्यादं दोन घरं टाकलं, की आपण वजिराकडच्या उंटापुढचं काळं प्यादं दोन घरं टाकायचं. बस्स! त्यानंतर काय करायचं तेही पुस्तकात होतं म्हणतात. मी तिथवर गेलोच नाही. पहिल्याच चालीनं मी इतका भारावलो होतो, की पुढची पानं उलटणं मला त्या चालीचा अपमान वाटे. औरंगाबादेत गुलमंडीवरच्या हॉटेलात मी ती अशा थाटात खेळायचो, की चहा ओतता ओतता मालक चाँदभाई म्हणायचा, "क्या साब, फिर वोइच? हारनेकाच है तो नई चाल से हारो ना!"

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, गंगापुरात जमत आलं. मुलगी बघून झाली होती, पसंतीही आली होती. आता आम्ही मुलाचं घर बघायचं, तिथं जेवायचं आणि सुपारी फोडायची. सुपारी फुटली की शब्द पक्का. कुसुमला मुलगा मनापासून आवडला होता. निघताना तिनं मला दारात गाठलं.

"दादा, तिथं शहाणपणा करू नकोस. हात जोड, जेव, परत ये."

"मी काय करणार आहे?"

"तेच कळत नाही, म्हणून तर भीती वाटते."

मुलाचे वडील तात्या. त्यांच्या मिशा इतक्या भरघोस होत्या, की ते बोलले तरी ओठ हलताना दिसायचे नाहीत. आवाज थेट मिशांतूनच यायचा. घर बघून झालं. ऊस बघून झाला. विहिरीत डोकावून "वा, वा" म्हणून झालं. आत पुरणपोळ्या होत होत्या, येसर आमटीचा वास सुटला होता, सुपारी आणि अडकित्ता तबकात येऊन बसले होते. एवढ्यात तात्यांनी कोनाड्यातून पट काढला.

"पाव्हणं, बुद्धिबळ येतं का? पोळ्या होईस्तोवर एक डाव टाकू."

अण्णांनी माझ्या मांडीला जोरात चिमटा काढला. चिमट्याचा अर्थ 'येत नाही म्हण' असा होता. मी तो 'सोडू नकोस' असा घेतला!

पांढरी मोहरी तात्यांकडं. त्यांनी राजापुढचं प्यादं उचललं आणि धाडकन दोन घरं पुढं ठेवलं. माझ्या अंगावर काटा आला. साऱ्या गंगापूर तालुक्याला आज पहिल्यांदाच सिसिलियन बचावाचं दर्शन होणार होतं! मी बाह्या सरसावल्या, उंटापुढचं प्यादं दोन बोटांत धरलं आणि दोन घरं पुढं टाकून मिशांकडं बघितलं.

मिशा थरथरल्या.

"ह्ये काय?"

"सिसिलियन बचाव," मी नम्रपणे म्हणालो.

"कुनापासून बचाव? उंटाचं प्यादं दोन घरं चालतं व्हय? राजाचं चालतं, वजिराचं चालतं, हत्तींची चालतात. बाकीची एक घर!"

"तात्या, तो जुना देशी नियम झाला. आंतरराष्ट्रीय नियमात सगळी चालतात."

"निजामाचं राज्य गेलं, त्याचा शिक्का गेला, त्याची कचेरी गेली. उंटाच्या प्याद्याचा नियम कवा गेला? मला कुनी कळवलं नाय!" मग अण्णांकडं वळून, "पाव्हणं, पयल्याच चालीला लबाडी? पोरगी तरी खरी दावली न्हवं?"

अण्णांचा चेहरा पुरणाच्या डाळीसारखा झाला. मी घाईघाईनं प्यादं जागेवर ठेवून घोडा उचलायला गेलो.

"थांबा! हात लावला त्येच खेळायचं. पन एकच घर."

झालं! माझं प्यादं एक घर पुढं उभं राहिलं आणि मी अरण्यात. (पुढं कळलं, की या एका घराच्या चालीलाही त्याच पुस्तकात भारदस्त नाव आहे आणि मोठमोठे खेळाडू ती मुद्दाम खेळतात. मला ती शिक्षा म्हणून मिळाली होती.)

मी फटाफट हरू लागलो. वजीर गेला, दोन्ही हत्ती गेले. अण्णांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मुलीकडच्यानं असंच हरायचं असतं. राजा आणि एक अडकलेलं प्यादं एवढंच उरलं, तेव्हा मी हात जोडले. "हरलो तात्या. चला, जेवू."

"मात कुठं झाली? मैदान सोडून पळता?"

"मग करा ना मात! हा वजीर इथं ठेवला की झालीच."

"वजिरानं मात कुनीबी करतंय. आपन प्याद्यानंच मात करतो! वडलांची रीत हाय."

आणि तात्यांचं प्यादं मुंगीच्या चालीनं निघालं. प्यादं जवळ आलं की माझा राजा सरकायचा. राजा सरकला की तात्या पुन्हा सगळी मांडणी करायचे. मी राजा स्वतः होऊन त्यांच्या प्याद्यापुढं नेऊन उभा केला, तर ओरडले, "मेहेरबानी नको!" आतून तात्यांच्या मंडळींनी, म्हणजे काकींनी, आधी बांगड्या वाजवल्या, मग भांडी वाजवली. पोळ्या निवल्या. आमटीवर साय धरली. सावली अंगणभर फिरून पलीकडच्या भिंतीवर चढली. शेवटी, राजाला पळायला वाटच राहू नये म्हणून तात्यांनी वजीर आणून अगदी शेजारी ठेवला. म्हणाले, "आता कुठं जातो?"

मी बघितलं. राजाला शह नव्हता. पण हलायलाही घर नव्हतं! प्यादंही अडकलेलं.

"तात्या, बरोबरी झाली!" मी आनंदानं ओरडलो. "डाव बरोबरीत!"

तात्या पटावर वाकले. बोटानं राजाभोवतीचं एकेक घर तपासलं.

"बरोबरी तुमच्या आंतरराष्ट्रात," ते हळूच म्हणाले. "आमच्यात राजाला कोंडला, तर कोंडनारा हरला."

म्हणजे मी जिंकलो होतो. व्याह्यांच्या घरी, व्याह्यांच्या पटावर, व्याह्यांच्याच नियमानं! अण्णांनी डोळे मिटून घेतले. मी काकुळतीला आलो. "नाही हो तात्या, तो जुना नियम! आता सगळीकडं बरोबरीच धरतात!"

"पयल्या चालीला माझा नियम अन् शेवटच्या चालीला तुमचा? मी लबाड हाय व्हय? मी हरलो! अन् हरलेला मानूस सुपारी फोडत नसतो." त्यांनी तबक बाजूला सारलं.

माझ्या डोळ्यांपुढं आमच्या घराच्या दारात वाट बघत उभी असलेली कुसुम दिसायला लागली.

तेवढ्यात काकी उलथणं घेऊनच बाहेर आल्या. "काहून फोडत नसतो? आत्ता सोयरीक मोडली तर हा पोरगा औरंगाबादला जाईल अन् तुम्ही जलमभर हरलेलेच ऱ्हाल. सोयरा केला तर दर सणाला येईल. बसवा मग म्होरं!"

मिशा हलायच्या थांबल्या. तात्यांनी माझ्याकडं, खाटकानं करडाकडं बघावं तसं, प्रेमानं बघितलं.

"लई खरं बोलली," म्हणाले आणि एका घावात सुपारी फोडली.

कुसुमचं लग्न झालं. सिसिलियन बचावानं मी बहिणीचं लग्न जमवलं, असं मी गुलमंडीवर वर्षभर सांगत होतो. कुसुम दिवाळीला माहेरी आली आणि तिच्याही कानावर ते गेलं. ती हसून हसून बेजार झाली.

"अरे दादा, त्या प्यादमातेच्या हट्टामुळं गंगापुरात कुणीही मामंजींसमोर बसत नाही. दोस्त बसत नाहीत, गडी बसत नाहीत, पोटचा मुलगा बसत नाही! त्या दिवशी मी पसंत पडले नाही रे, तू पडलास. इतकं वाईट खेळणारा आणि तरीही उठून न जाणारा माणूस त्यांना अख्ख्या तालुक्यात मिळत नव्हता!"