कडू कंदाचा वेल

सून कंद उकडायला लागली की त्या वासानं मला जानकी आठवते आणि माझीच लाज वाटते. जानकी माझी बायको. यंदाच गेली.

खूप वर्षं झाली. कॉलेजातल्या एक मॅडम आमच्या पोशेऱ्याच्या रानात झाडांच्या जाती लिहायला आल्या होत्या. त्यांना रान दाखवायला मी आणि जानकी गेलो होतो. त्या दमून मागं बसल्या होत्या आणि आम्ही दोघं पुढं कंदाचे वेल तोडत होतो.

"हे दोन्ही एकच," मी म्हटलं.

"डोळे फुटले काय तुझे? हा उजवीकडं वळत चढतो, तो डावीकडं. डाव्याचा कंद कडू. तसाच खाल्लास तर घसा धरून बसशील."

"गप गं, तुला काय कळतं?"

मॅडम आल्या, तेव्हा जानकीचंच बोलणं मी माझं म्हणून सांगितलं. मॅडम हरखल्या. "काका, आम्हीही वळण बघूनच जात ओळखतो!" त्यांनी वेल कागदात दाबला आणि खाली सांगणारा म्हणून माझं नाव लिहिलं. जानकी शेजारीच उभी होती.

घरी येताना ती म्हणाली, "बरं झालं. तुझं तरी नाव लांब गेलं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.